बझर वाजेपर्यंत

क्लबमधलं जेवण इतकं स्वस्त का असतं, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. स्वस्त मिळालेल्या वस्तूचं कारण विचारलं की समोरचा सावध होतो आणि भाव वाढवतो. हे मी लहानपणी आईच्या शेजारी पोत्यावर बसून शिकले होते. आई आठवडी बाजारात स्टीलची भांडी विकायची. गिऱ्हाइकाच्या चपलांकडे बघून ती भाव सांगायची, आणि बहुतेक वेळा तिला हवा तोच भाव पदरात पडायचा.

तीच विद्या घेऊन मी सिडनीला आले. विद्यार्थ्यांचे लोंढे यायचे ते दिवस होते. दुकानांच्या वर, दोन जिने चढून गेलं की कॉलेज लागायचं. अशाच एका कॉलेजात मी अकाउंटिंग शिकत होते. येण्याआधी एजंटचं कमिशन मी पाडून घेतलं होतं. टूनगॅबीतल्या युनिटचं, म्हणजे फ्लॅटचं, भाडं घरमालकाशी भांडून कमी करवलं होतं. रविवारच्या भाजीबाजारात दुकानं आवरायची वेळ झाली की मी जायची आणि टोमॅटोची अख्खी पेटी उचलायची, कारण तेव्हा विकणाऱ्याला ती परत न्यायचा कंटाळा आलेला असतो. त्या टोमॅटोवर आजूबाजूच्या पोरांचे डबे निघायचे. क्लासला जायच्या आधी मी डबे भरायची. आज माझं स्वतःचं किचन आहे, हाताखाली माणसं आहेत. त्याची सुरुवात त्या पेट्यांपासून झाली.

नवरा माझ्या व्हिसावर आला होता. मला ठरावीक तासांपलीकडे काम करायची परवानगी नव्हती, त्याला होती. तो गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. शांत माणूस. सासूसमोर मी त्याला 'अहो' म्हणायची, टूनगॅबीत 'तू'. माझा आवाज चढला की तो खिडकी लावून घ्यायचा, एवढंच.

रविवारी सकाळी वेस्टमीडला एका डॉक्टर जोडप्याच्या गॅरेजमध्ये बुद्धवंदना असायची. गाड्या बाहेर काढून सतरंज्या अंथरलेल्या असायच्या. नवऱ्याचा आवाज चांगला, म्हणून पंचशील तोच म्हणायचा आणि बाकीचे त्याच्यामागून. ते झालं की आम्ही दोघं क्लबमध्ये जेवायला जायचो. सभासद झालं की ताट आणखी स्वस्त पडायचं आणि सभासद व्हायला जवळजवळ काहीच लागत नव्हतं. मी लगेच दोघांची कार्डं काढली. मांस, बटाटे, भाज्या, वर ग्रेव्ही. तेवढ्या पैशांत घरी गॅससुद्धा पेटवू नये असं जेवण.

काउंटरवर ऑर्डर दिली की ते एक काळी चकती द्यायचे. तिला बझर म्हणायचे. ती टेबलावर ठेवून बसायचं. जेवण तयार झालं की चकती थरथरायची, तिच्यातले लाल दिवे लागायचे, आणि आपण उठून ताट आणायचं. मधल्या वेळात मी पुस्तक काढायची. नवरा पाय मोकळे करायला उठायचा. पाय मोकळे करायला एकच रस्ता होता, जाड गालिच्याचा, आणि तो मशिनच्या हॉलमध्ये जायचा. पोकी म्हणतात त्या जुगाराच्या मशिनना. बटण दाबलं की चित्रं फिरतात, थांबतात, पुन्हा दाबायचं.

पहिल्यांदा तो माझ्यासाठी आइस्क्रीम घेऊन आला. "घे. आजचं जेवण फुकट झालं," म्हणाला.

पुढचं मला कॉलेजच्या काउंटरवर कळलं. शेवटच्या सेमिस्टरची फी भरायची होती. फी चुकली असती तर नाव कटलं असतं आणि नावाबरोबर दोघांचा व्हिसा. माझं कार्ड चालेना. काउंटरवरच्या मुलीनं पुन्हा लावून पाहिलं, पुसून पाहिलं. मी तिच्यावर ओरडले, तुमचं यंत्र बिघडलंय, माझ्यामागे रांग आहे, मॅनेजरला बोलवा. नवरा शेजारी उभा होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं, तिच्यावर नको ओरडू. खात्यातले पैसे मी काढलेत."

"कशाला?"

"घरी चल, सांगतो."

घरी गेल्यावर मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ताट उचललं होतं, पण ते घरमालकाचं होतं, अनामतीतून कापलं गेलं असतं, म्हणून खाली ठेवलं. तो पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होता. खिडकी त्यानं आधीच लावली होती.

"पंचशील म्हणतोस ना दर रविवारी पुढे बसून? लाज नाही वाटत?"

"दारू पीत नाही मी. चोरी नाही केली. पाचांत मशीन कुठंय, दाखव."

"मला शिकवतोस?"

"नाही," तो म्हणाला. "तू सांग ना काय करू. तुला सगळ्यांशी बोलता येतं. माझं पण काहीतरी ठरवून दे."

फीचा प्रश्न मी सोडवला. कॉलेजकडून मुदत मागून घेतली, डबे वाढवले. पैसा परत उभा करता येतो, ते मला जमतं. त्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. तरी मी ठरवून दिलं. एकदम बंद म्हटलं तर माणूस चोरून करतो, म्हणून मी मधला भाव काढला. फक्त रविवार. फक्त क्लबमध्ये, मी बाहेर बसलेली असताना. ऑर्डर दिल्यापासून बझर वाजेपर्यंत. बझर वाजला की उठायचं, चित्रं फिरत असली तरी.

"कबूल," तो म्हणाला.

पहिल्याच भावाला हो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे आई नेहमी दुसऱ्यांदा बघायची. मीही बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. म्हणून मी विश्वास ठेवला.

काही रविवार जमलं. बझर थरथरला की तो गालिच्यावरून येताना दिसायचा, हात खिशात, शाळा सुटल्यासारखा. मला वाटायचं, झालं, आपण याला शिस्त लावली. मग तो वेगळं काही मागवायला लागला. आधी तयार रोस्ट असायचं, आता स्टेक, तोही पुरता भाजलेला.

"तू कधीपासून स्टेक खातोस?"

"आज खावंसं वाटलं."

पुरता भाजलेला स्टेक शिजायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. ठरलेला शब्द त्यानं मोडला नव्हता. फक्त लांबवला होता. मीसुद्धा तेच केलं असतं, त्यामुळे मला काही बोलता येईना.

त्यानंतर बझर वाजूनही तो येईनासा झाला. मी ताटं आणायची, वाट बघायची, मग आत जायची.

"फीचर चालू होतं गं. मध्ये कसं उठणार?"

मशीन कधीतरी काही डाव फुकट देतं, त्याला फीचर म्हणायचे. ते चालू असताना उठलं तर ते वाया जातं. आणि चालू नसताना उठलं तर ते आता येणारच असतं. उठायला अशी वेळच नव्हती.

एका दुपारी क्लास चुकवून मी एकटी क्लबच्या मॅनेजरकडे गेले. पन्नाशीची बाई होती. तिनं चहा दिला. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला आत घेऊ नका, मी फोटो आणलाय, दारावरच्या माणसाला दाखवा.

"लव्ह," ती म्हणाली, तिथं परक्यालाही असंच म्हणतात, "तसं नाही करता येत. तो सज्ञान आहे. त्यानं स्वतः येऊन मागितलं तर आम्ही बंदी घालतो. सही घेतो, फोटो काढतो, मग तो आला तरी दारातूनच परत."

"मी बायको आहे त्याची."

"समजतं मला."

"दर रविवारी मी दहा कुटुंबं जेवायला आणीन. माझ्या ओळखी आहेत. फक्त एका माणसाला थांबवा."

ती हसली नाही. हसली असती तर मला चिडता आलं असतं. "त्यालाच यावं लागेल," एवढंच ती पुन्हा म्हणाली. मी आणखी दोन-तीन प्रकारे बोलून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच वाक्य, तितक्याच मऊ आवाजात. आयुष्यात पहिल्यांदा मी एका टेबलावरून काहीच पदरात न पाडता उठले. जेवण स्वस्त का असतं, हेही मला तिथंच कळलं. ऑफिसच्या काचेतून हॉल दिसत होता. भर दुपारी भरलेला.

नवऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं उठून खिडकी लावली. पण पुढे एका रविवारी वंदना संपल्यावर गॅरेजबाहेर बूट घालताना तो आपण होऊन म्हणाला, "चल, आज सही करतो." सकाळी त्यानं शर्टाला इस्त्री का केली ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. "फोटो काढणार ना," तो म्हणाला, पासपोर्टसाठी जातोय तसा.

 ट्रेनमध्ये मी त्याचा हात धरला होता.

मॅनेजर वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी पार्टीत होती. तिनं निरोप पाठवला: आलेच, तोवर जेवून घ्या. मग आम्ही ऑर्डर दिली. सभासदाच्या भावात मिळणारं शेवटचं जेवण, असं मी म्हटलं, आणि तो हसला. त्यानं साधं रोस्टच मागवलं. बझर आमच्यामध्ये टेबलावर होता. नवरा त्याच्याकडे बघत होता.

"बझरपर्यंत जाऊन येतो," तो म्हणाला.

"आज नाही."

"आजच. सही केली की परत कधीच नाही. आणि आपलं ठरलंय तसंच तर आहे."

"मी ठरवलेलं मी मोडलं. नाही जायचं."

"अगं, रोस्टच आहे. आत्ता वाजेल."

मी त्याच्या शर्टाची बाही धरली. त्यानं ती हळूच सोडवून घेतली. "चुरगळेल," म्हणाला, आणि गालिच्यावरून आत गेला.

बझर खरंच लगेच वाजला. त्याच वेळी मॅनेजर खाली आली. तिच्या हातात फाइल आणि छोटा कॅमेरा होता. तिनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. आम्ही दोघी आत गेलो. माझ्या हातात बझर थरथरत होता, त्याचे लाल दिवे माझ्या बोटांवर पडत होते.

तो खांबाजवळच्या मशिनवर होता.

"रेडी, मेट?" मॅनेजरनं विचारलं.

"दोन मिनिटं."

"नो वरीज. सावकाश."

मग माझं डोकं फिरलं. सावकाश? मी मराठीत ओरडायला लागले. बाईला, त्याला, मशिनला. काय काय म्हणाले आठवत नाही. आजूबाजूच्या माना माझ्याकडे वळल्या. आणि तितक्याच सहज आपापल्या पडद्याकडे परत वळल्या. बाजारात मी ओरडले की गर्दी जमते. इथं एकही माणूस उठला नाही.

मी शेजारच्या स्टुलावर बसले. आवाज खाली आणला.

"बोल, काय हवंय तुला? डबे बंद करू? परत जायचं आपल्या गावी? काय पाहिजे ते सांग, मी देते. भाव सांग तू."

त्यानं माझ्याकडे बघितलं. पुरतं बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अगं, मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का?"

आणि बोलता बोलताच त्याचं बोट बटणावर गेलं.

मॅनेजर मला म्हणाली, "मी तीनपर्यंत ऑफिसात आहे." मी बझर घेऊन बाहेर आले, कारण काउंटरवर परत दिल्याशिवाय तो थांबत नाही. तिथल्या मुलीनं दोन्ही ताटं पुढे केली.

"एक जरा गरम ठेवशील?"

"सॉरी, तशी सोय नाही आमच्याकडे."

नंतर ओळखीच्या लोकांनी मला खूप विचारलं. तू एवढी हुशार, तुला कळलं कसं नाही? तू एवढी कडक, तुला थांबवता कसं आलं नाही? मला विचारलं. क्लबला कुणी विचारलं नाही. तो क्लब अजून आहे, पार्किंग वाढवलंय, आणि मी आजही त्या रस्त्यानं गाडी नेत नाही.

मी ताटं टेबलावर आणली. माझं मी जेवले. त्याचं समोर ठेवलं. तिथून हॉलचं तोंड दिसत होतं आणि ऑफिसचं दारही. त्याच्या ताटातल्या ग्रेव्हीवर साय धरली. मी ती चमच्यानं बाजूला केली. तीन वाजता ऑफिसातला दिवा विझला. गालिच्यावर कुणी नव्हतं. ग्रेव्हीवर पुन्हा साय धरली होती. मी चमचा उचलला.