चार आवाजांपुरता दम

टेंभुर्णीच्या शाळेत वैजयंती लेझमीच्या पहिल्या रांगेत असायची, उजवीकडून दुसरी. सरांची शिट्टी झाली की तीस पोरींचे हात एकदम वर जायचे आणि लोखंडी चकत्यांचा एकच आवाज व्हायचा. तिला वाटायचं, तो आवाज आपल्या छातीतूनच निघतो. थंडीत त्याच छातीतून कधीकधी बारीक सुं-सुं यायची. आई ओव्याच्या पुरचुंडीनं शेकायची आणि म्हणायची, "लई उड्या मारू नगंस." पण सकाळी वैजयंती पुन्हा मैदानावर.

विसाव्या वर्षी लग्न होऊन ती सोलापुरात आली. नवरा, संघपाल शिवशरण, महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावी सोडायच्या कामावर. शांत माणूस. पुढं दोन बाळंतपणं झाली, आणि दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी पहिल्यांदा त्या सुं-सुंला नाव दिलं: दमा. तेव्हापासून घरात एक शब्द वाढला, "बस". कळशी उचलायला गेली की सासू म्हणायची, तू बस. जिना चढायचा असला की संघपाल म्हणायचा, तू बस, मी आणतो. गणवेश शिवायच्या कारखान्यात तर दिवसभर मशीनवर बसूनच काम. सगळे मायेनंच म्हणत होते. बसता बसता ती त्रेचाळिशीची झाली आणि वजन अठ्ठ्याऐंशी किलोवर गेलं.

वस्तीतल्या बायकांचं लेझीम पथक फेब्रुवारीत सरावाला लागायचं, बाबासाहेबांच्या जयंतीसाठी. शिकवायला विठाबाई, साठी उलटलेली, काटक, आवाज हलगीसारखा. सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. वैजयंती समाजमंदिराच्या पायरीवर बसून बघायची. पदराखाली तिची बोटं मांडीवर ताल धरायची. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खेळायची इच्छा आहे म्हणून बोलून दाखवायची तिला लाज वाटायची.

डिसेंबरात संघपालच्या भाच्याचं लग्न झालं. वरातीत कुणीतरी वैजयंतीच्या हातात लेझीम दिली. हलगी वाजत होती. तिनं चार आवाज धरले, जागेवर उभ्यानं वाजवायचा पहिला प्रकार, मग आठ आवाज, मग बाकीच्यांबरोबर पुढं उडी घेतली. मिनिटभर ती पुन्हा उजवीकडून दुसरी झाली. मग छाती मिटली. हवा आत जाईना, गेलेली बाहेर येईना. पर्समधला दम्याचा पंप काढला तर तो संपलेला. संघपालनं रिक्षा थांबवली तेव्हा मागून कुणा पोरीला म्हणताना तिनं ऐकलं, "मामीला कशाला दिली ओ लेझीम? एवढं अंग घेऊन!"

दवाखान्यात वाफेचं औषध दिल्यावर तासाभरानं श्वास जागेवर आला. ते वाक्य मात्र उतरलं नाही.

दोन दिवसांनी ती तपासणीला गेली. तिथल्या डॉक्टर अपेक्षा माने वयानं तिच्यापेक्षा लहान. त्यांनी विचारलं, "काय त्रास होतो?" वैजयंतीनं भलतंच विचारलं.

"मला लेझीम खेळता येईल का हो मॅडम?"

संघपाल एकदम तिच्याकडं बघायला लागला. तेवीस वर्षांच्या संसारात त्यानं हे पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. "आज नाही," त्या म्हणाल्या. "दमा आहे म्हणून हालचाल बंद करायची, असं मात्र मी म्हणणार नाही. आधी दमा ताब्यात आणू. तुम्ही फक्त त्रास झाल्यावर निळा पंप घेताय ना? श्वासनळीची सूज कमी करायचा पंप वेगळा असतो. तो रोज घ्यायचा, बरं वाटत असलं तरी."

त्यांनी तिला पंप घेऊन दाखवायला सांगितलं. तिनं दाबला आणि निम्मं औषध तोंडाबाहेर धुरासारखं गेलं. इतकी वर्षं ती असंच घेत होती. डॉक्टरांनी प्लॅस्टिकची नळी लावून पुन्हा पुन्हा करून घेतलं, मोजणीच्या दुसऱ्या नळीत जोरात फुंकायला लावून श्वास मोजला, हृदय तपासलं आणि महिन्यानं बोलावलं.

महिन्यानं सुं-सुं खरंच कमी झाली होती. मग चालणं ठरलं. दहा मिनिटं. पहिली काही मिनिटं रमतगमत, मग जरा भरभर, शेवटी पुन्हा हळू. "चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना वाक्य तुटायला लागलं तर वेग कमी करायचा. छाती आवळली किंवा श्वासाला शिट्टी वाजली की थांबायचं, निळा पंप घ्यायचा. आराम पडला नाही तर सरळ इकडं यायचं. आणि तो पंप घरी ठेवायचा नाही, खिशात."

"साडीला खिसा कुटला मॅडम?"

"मग शिवा. तुमचंच काम आहे ते."

तिनं सलवार-कमीजला खिसा शिवला. सकाळी वस्तीत कचरा पेटवलेला असायचा, त्या धुरात तिला नुसतं उभंही राहवत नव्हतं. म्हणून ती दिवस कलला की कंबर तलावाकडं जायची, संघपाल बरोबर. पहिल्या दिवशी दुसऱ्या बाकड्यापाशीच तिचे पाय भरून आले. पोरं पळत पुढं जात होती. तिला वाटलं, सगळा तलाव आपल्याकडंच बघतोय.

"बोल की," संघपाल म्हणाला.

"काय बोलू?"

"टेंभुर्णीचं सांग. लेझमीचं. मला कधी सांगितलंच न्हाईस."

तिनं सांगितलं. सरांची शिट्टी, पांढरे कॅनव्हासचे बूट, जिल्ह्याच्या स्पर्धेला ट्रकच्या हौद्यात बसून गेलेल्या पोरी. वाक्य तुटलं की तो पावलं हळू करायचा. दहा मिनिटं कधी झाली ते कळलं नाही.

त्या वर्षीच्या जयंतीला डॉक्टरांनी नाहीच म्हटलं. वैजयंती पायरीवर बसून राहिली. पथक समोरून निघून गेलं, आवाज वळणापलीकडं विरला, तरी ती उठली नाही. त्या दिवशी ती चालायलाही गेली नाही.

पण दुसऱ्या दिवशी गेली. दहाची पंधरा मिनिटं झाली, पंधराची वीस. घरी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, आधी पाच वेळा, मग आठ. ऑगस्टात सर्दी छातीत उतरली आणि तीन आठवडे सगळं बंद पडलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा दहा मिनिटांवरूनच. त्या संध्याकाळी ती तलावाच्या कठड्याला धरून रडली. दिवाळीनंतर वजन केलं तर जेमतेम चार किलो कमी.

"एवढंच?" ती म्हणाली.

डॉक्टरांनी मोजणीच्या नळीत फुंकायला लावलं आणि वाढलेला आकडा दाखवला. "हे बघा. आणि रात्री खोकल्यानं उठता का आता?"

उठत नव्हती. तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

फेब्रुवारीत सराव सुरू झाला तेव्हा ती विठाबाईपुढं जाऊन उभी राहिली. "मावशी, मला घेता का?"

विठाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लई वर्सं बघायलीस पायरीवरनं. मला वाटलं, इचारतीस का न्हाईस." तिनं ढिगातली एक लेझीम काढून दिली. "शेवटच्या रांगंत. चार आवाजच. उडी दिसली तर हातातनं काढून घीन बघ."

डॉक्टरांनीही तेवढ्यालाच परवानगी दिली होती, आधी अंग मोकळं करून आणि मैदानावर धूळ बसायला पाणी मारलेलं असलं तरच. संघपाल रोज कामावरून येऊन बादलीनं पाणी शिंपडायचा. बायका त्याला हसायच्या, तोही हसायचा. वैजयंती दोन मिनिटं खेळायची, बाजूला व्हायची, श्वास बसला की पुन्हा आत यायची. समोरच्या पोरी बैठक मारून उसळायच्या, तेव्हा तिचे गुडघे आपोआप वाकायचे. ती त्यांना आवरायची. शरीर आठवण काढत होतं आणि त्याला नाही म्हणावं लागत होतं. ते तिला चालण्यापेक्षा जड जायचं.

जयंतीच्या सकाळी वस्तीत अभिवादन झालं. ऊन अजून चढलेलं नव्हतं. विठाबाईनं शिट्टी दिली. निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेली वैजयंती शेवटच्या रांगेत उभी होती, कमरेला शिवलेल्या पिशवीत पंप. हात वर गेला, चकत्या वाजल्या, चाळीस बायकांचा एक आवाज झाला. त्यात तिचा होता. सहा मिनिटं. तिनं एकदाही उडी मारली नाही.

मिरवणूक संध्याकाळी निघाली. पहिल्या चौकापर्यंत ती रांगेतून चालत, वाजवत गेली. चौकात फटाक्यांची माळ लागली. धूर खाली उतरायला लागला आणि गळ्यात ओळखीची खवखव झाली. पुढं रस्ताभर दिवे लागले होते, पोरी वेगात आल्या होत्या, हलगी आता कुठं रंगात आली होती. वैजयंती आणखी दोन पावलं गेली. मग तिनं रांग सोडली, लेझीम विठाबाईच्या हातात दिली आणि वाऱ्याच्या बाजूच्या बोळात गेली.

संघपाल धावत आला. "काय झालं? पंप?"

"घेतला. बरी हाय." ती भिंतीला टेकून सावकाश श्वास सोडत होती. थोड्या वेळानं खवखव उतरली.

"घरी जायचं?"

तिनं नको म्हणून मान हलवली. पथक दूर गेलं होतं. गर्दीवरून फक्त हात दिसत होते, वर जाणारे, खाली येणारे, मग तेही दिसेनासे झाले.

"तिथनं पुढं सगळा उड्यांचा खेळ असतो," ती म्हणाली. "मला येत होता ओ तो. लई चांगला येत होता."

"ठाऊक हाय की," संघपाल म्हणाला.

आवाज पूर्ण विरेपर्यंत दोघं तिथंच उभे राहिले.