ढोल घेऊन आडवं चालताना

नववीत असताना माझ्या गळ्यात मोठा ढोल पडला तो माझ्या उंचीमुळे. शाळेत मुलींचा बँड निघणार म्हटल्यावर सगळ्यांना बिगुल हवा होता, नाहीतर छोटा ढोल. मोठ्याकडे कुणी बघेना. सरांनी रांगेवरून नजर फिरवली, माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "तू डोंगरावरची ना? तुला झेपेल."

हे सर आमच्या शाळेचे शिक्षक नव्हते. सैन्यातून निवृत्त झालेले, तिथेही बँडमध्येच होते, आणि आमच्या तालुक्याच्या अकोले गावाजवळच्या एका खेड्यात राहायचे. शाळेने विनंती केली म्हणून आठवड्यातून तीन दिवस येत. आवाज बारीक. ओरडायचे कधीच नाहीत. ठेका चुकला की नुसते डोळे मिटून घ्यायचे, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटायचं.

मी रोज वाडीवरून जीपने शाळेत यायचे. घरात आई-वडील, काका-काकी, आम्ही भावंडं, सगळे एकत्र. बँडचं ऐकून वडील हसले. काकी मात्र चुलीपुढून म्हणाली, "शाळंत काय ढोल बडवायला पाठवलं हाय का हिला?" काकीचं बोलणं तसंच. लाड तिला ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून मी घरात बँडचा विषय काढला नाही.

दिवाळीनंतर दोन महिने आम्ही सरळ चालायला शिकलो. सव्वीस जानेवारीला तालुक्याच्या मैदानावर संचलन असायचं, त्यात आमची शाळा पहिल्यांदाच बँड घेऊन उतरणार होती. जानेवारी उजाडल्यावर सरांनी नवीनच काढलं. आम्ही आठ ढोलवाल्या मुली मंचासमोर एका रांगेत थांबणार. मग रांग मधून दुभंगणार, चौघी डावीकडे आणि चौघी उजवीकडे सरकणार, आणि मधल्या मोकळ्या जागेतून झेंडा घेतलेल्या मुली पुढे येणार.

"वळून चालायचं नाही," सर म्हणाले. "पाहुण्यांना खांदा दाखवायचा नाही. छाती समोर, तोंड समोर, फक्त पाय बाजूला. सोळा पावलं. आणि ठेका तुटता कामा नये."

ऐकायला सोपं वाटलं. उजवीकडे जाताना डावा पाय उजव्याच्या पुढून पलीकडे टाकायचा, मग उजवा काढून बाजूला, पुन्हा डावा पुढून. सर एकटे करून दाखवत तेव्हा कमरेवरचं अंग जागच्या जागी राहायचं आणि तसंच्या तसं बाजूला सरकायचं. आम्ही करायला गेलो की पाय वळला की कंबर वळायची, कंबर वळली की ढोल वळायचा आणि शेजारणीच्या ढोलावर आपटायचा. छोटा ढोल डाव्या मांडीशी लोंबतो, त्यामुळे गुडघा उचलला की तोही उडायचा. सरांनी एकदा मोबाईलवर आमचं चित्रण करून आम्हालाच दाखवलं. रांग कसली, मेंढरं पांगल्यासारखी दिसत होती.

माझी अडचण वेगळी होती. मी सगळ्यात उजवीकडे, म्हणजे सरकताना चौघींच्या पुढे मीच. माझ्या अंतरावर बाकीच्या तिघींचं अंतर. आणि छातीवर एवढा मोठा ढोल बांधलेला असताना मला माझे पायच दिसत नव्हते. मग मी मान वाकडी करून ढोलाच्या कडेवरून खाली बघायचे आणि ठेका चुकायचे.

एका दुपारी अशीच खाली बघत असताना डाव्या पायाची टाच उजव्या बुटात अडकली आणि मी ढोलासकट आडवी झाले. ढोल खाली, मी वर. एका बाजूचं पान, म्हणजे ढोलाचं ताणलेलं कातडं, टर्रकन फाटलं. कुणीतरी हसलं, मग कुणीच हसलं नाही. सर धावत आले. त्यांनी आधी माझं कोपर बघितलं, मग ढोल.

"पान बदलता येतं," एवढंच ते म्हणाले.

त्यांनी रागवायला हवं होतं, मग मला बरं वाटलं असतं. मी दप्तर उचललं, "सर, मला हे जमणार नाही" म्हणाले आणि निघाले. नंतरचे दोन दिवस पोट दुखतंय म्हणून घरीच राहिले.

रविवारी सकाळी सर जीपमधून वाडीवर उतरले. पत्ता विचारत विचारत आले होते. वडिलांनी त्यांना ओट्यावर बसवलं, आईने चहा ठेवला. मला वाटलं, आता तक्रार होणार. पण ते वडिलांशी भाताबद्दल, थंडीबद्दल बोलत राहिले, आणि मला म्हणाले, "नवीन पान बसवून घेतलंय. आवाज आधीपेक्षा चांगला आलाय." मी खाली मान घालून उभी.

तेवढ्यात आमच्या घराखालच्या वाटेने काकी वर येताना दिसली. डोक्यावर जळणाची मोळी, आडवी, दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली. त्या वाटेवर एका ठिकाणी दोन्हीकडून करवंदीच्या जाळ्या जवळ येतात. सरळ चाललं तर मोळी अडकते. काकी तिथे आली आणि न थांबता नुसती बाजूला फिरली. मोळी वाटेच्या रेषेत आली, आणि काकी एक पाय दुसऱ्याच्या पुढून टाकत, तोंड दरीकडे ठेवून, आडवीच्या आडवी चढून आली. मान हलली नाही. मोळीही हलली नाही. मी हे शेकडो वेळा बघितलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं.

सरांनी कप खाली ठेवला. "या कोण?"

"माझी काकी."

"अगं, मग मी इतके दिवस तुम्हाला दुसरं काय शिकवतोय?"

काकीने मोळी टाकली तेव्हा सर अंगणात जाऊन तिच्यापुढे उभे राहिले. "बाई, तुम्ही आत्ता चालत आलात तसं माझ्या मुलींना शिकवाल का?"

काकीला ती थट्टाच वाटली. "चालायला काय शिकवायचं, गुरुजी? पाय हायेत की त्यांना."

"पाय आहेत, पण त्या पायांकडे बघतात. मी तीस वर्षं हे केलं, पण कसं करतो ते मला सांगता येत नाही. तुम्ही सांगा."

एवढा मोठा माणूस हात जोडून विचारतोय हे बघून काकी गोंधळली. मग तिने माझ्याकडे बघितलं, मोळी उचलली आणि सरळ माझ्या डोक्यावर ठेवली. "चल, जाळीपाशी जा."

मी गेले, आडवी झाले आणि सवयीने खाली बघायला गेले. मोळी घसरली.

"खाली काय सांडलंय का तुझं?" काकी म्हणाली. "डोळ्यानं न्हाई, चवड्यानं बघायचं. आधी चवडा टेकव. त्यानं जमीन धरली का? धरली, मंग अंगाचा भार टाक. मंगच मागचा पाय उचल. लई उचलू नको, भुईला लागूनच सरकव. आन पाऊल बारकं टाक. कुनी पाठी लागलंय का?"

चवडा, भार, मग दुसरा पाय. दहाव्या-बाराव्या खेपेला मोळी न पाडता मी जाळीतून बाहेर आले. सर ओट्याच्या कडेवर दोन बोटांनी ठेका धरून होते. त्या दिवशी काकीने मला भाकरीबरोबर तिच्या वाटणीचा खर्डा वाढला.

सोमवारी काकी माझ्याबरोबर जीपमध्ये बसली. शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकायची तिची ती पहिलीच वेळ. पदर कानावरून घट्ट ओढून ती मैदानाच्या कडेला उभी राहिली. सरांनी आम्हाला ढोल उतरवायला सांगितले आणि सभागृहातल्या सतरंज्यांच्या गुंडाळ्या आठही जणींच्या डोक्यावर दिल्या. पहिला अर्धा तास नुसता गोंधळ. सतरंज्या पडत होत्या, मुली हसत होत्या. काकी रांगेपुढून फिरत होती, एकेकीची हनुवटी बोटाने वर करत होती. "वर बघ, बाय. भुई कुटं पळून जात न्हाई."

ती तीन दिवस आली. चौथ्या दिवशी ढोल पुन्हा गळ्यात घातले तेव्हा आम्ही सोळा पावलं गेलो आणि सोळा परत आलो. सरांनी चित्रण दाखवलं. कमरेवर आठ मुली स्थिर होत्या, खाली फक्त पाय हलत होते.

संचलनाच्या सकाळी धूळ बसावी म्हणून टँकरने मैदानावर पाणी मारलं होतं, जरा जास्तच. मंचासमोर बारीक चिखल झालेला. रांग दुभंगली, मी पहिला चवडा टेकवला आणि तो किंचित सरकला. मी भार टाकला नाही. पाऊल आखडलं, पुन्हा टेकवलं. शेजारणीने माझ्या ढोलाच्या घावावरून ओळखलं असावं, तिनेही आखडलं. सोळा पावलांत जितकं जायचं होतं त्याच्या पाऊणच गेलो. पण चौघी सारख्याच अंतरावर होतो, पलीकडच्या चौघींनीही तसंच केलं होतं, आणि झेंडा मधून नीट गेला. एका मुलीचा बूट चिखलात राहिला ते आम्हाला नंतर कळलं.

बक्षीस दुसऱ्या शाळेला मिळालं. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. सर गर्दीतून वाट काढत कुंपणापाशी गेले, तिथे काकी काकाबरोबर उभी होती. सरांनी टाचा जुळवून तिला कडक सलाम ठोकला. काकीने तोंडावर पदर घेतला आणि काकाला म्हणाली, "चला आता, म्हशीची धार काढायची हाय."

आज मी नेवासा तालुक्यातल्या एका शाळेत खेळ शिकवते. आमच्याकडेही मुलींचा बँड आहे. दर वर्षी नव्या मुली येतात, खाली बघतात, अडखळतात. मी त्यांना सांगते की हे मला एका सैनिकाने आणि एका मोळी वाहणाऱ्या बाईने शिकवलं. एकाकडे ठेका होता, दुसरीकडे पाऊल होतं, आणि दोघांपैकी कुणीही मला पडल्याबद्दल बोल लावला नाही. सरांना स्वतःला जमतं ते मुलींना दुसऱ्याकडून शिकवून घ्यायची लाज वाटली नाही, याचं मला शिक्षिका झाल्यावर जास्त मोल कळलं.

गेल्या उन्हाळ्यात काकीला घेऊन सरांकडे गेले होते. सरांना आता कमी ऐकू येतं. काकीने त्यांच्यासाठी आमच्या शेतातला तांदूळ नेला होता. तो कसा शिजवायचा, पाणी किती घालायचं, यावरून दोघांची अर्धा तास जुंपली. सर म्हणायचे दुप्पट, काकी मोठ्याने म्हणायची, "लई झालं, गुरुजी, चिखल व्हईल!" सरांच्या बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हणाली, "भांडू दे त्यांना. तू तोवर कांदा चिर."