मागचे दिवे

लग्नानंतर मी मुलुंडला राहायला आले, तेव्हा सासऱ्यांच्या गाडीला बरीच वर्षं झाली होती. ट्रॉम्बेच्या नोकरीत असताना ते रोज तिच्यातूनच ये-जा करत. रिटायर झाल्यावरही गाडी तेच चालवायचे. माझ्या नवऱ्याची फिरतीची नोकरी, त्यामुळे बाजार, दवाखाना, घाटकोपरच्या नणंदेकडे जाणं, सगळं बाबांच्या भरवशावर. संध्याकाळी मला स्टेशनवरून घरी तेच आणायचे. पाळणाघरातून घेतलेली मुलगी माझ्या मांडीवर असायची.

एका पावसाळ्यानंतर गाडीचे मागचे दिवे लागेनासे झाले. नवा फ्यूज घातला की दोन दिवस बरे, मग एखाद्या खड्ड्यात गाडी आपटली की पुन्हा गेले. मेकॅनिकने बल्ब बदलून दिले, उपयोग झाला नाही.

"तो बल्ब बदलतो आणि फ्यूज उडतो. त्याचा काय संबंध?" बाबा म्हणाले. "वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. ती शोधली पाहिजे. रविवारी तू मोकळी आहेस ना?"

रविवारी जेवणाआधी आम्ही कंपाउंडमध्ये उतरलो. बाबांनी मागचे सगळे बल्ब काढून ठेवले. मग बॉनेट उघडून उडालेला फ्यूज काढला आणि त्याच्या जागी दोन वायरी लावून एक बल्ब जोडला.

"आता या वायरवर पुढे कुठेच बल्ब नाही, म्हणजे करंटला जायला वाट नाही. तरी हा पेटला, तर वाट कुठेतरी चुकून झालीय. तू फक्त याच्याकडे बघत राहा."

त्यांनी पार्किंगचे दिवे चालू केले. बल्ब लख्ख पेटला. मला उगाचच आनंद झाला. मागे जाणारी वायर त्यांनी सुटी केली तेव्हा तो विझला. म्हणजे घोटाळा मागच्या बाजूला होता. वायर पुन्हा जोडून ते मागे गेले आणि सीट उचलून, गालिचा सोलून, वायर बोटांनी हलवत हलवत डिकीपर्यंत पोचले. मी बॉनेटपाशी उभी राहून ओरडत होते, "आहे, आहे, अजून आहे." वरच्या मजल्यावरची एक बाई गॅलरीतून बघत होती.

"गेला," मी ओरडले. "परत आला."

घोटाळा डिकीच्या बिजागरीपाशी सापडला. नंबरप्लेटच्या दिव्याची वायर तिथून वर जायची आणि झाकण उघड-मिट करून तिचं कव्हर घासून गेलं होतं. आतली तांब्याची तार उघडी पडली होती. बाबांनी तेवढा तुकडा कापून टाकला आणि नवा जोडायला घेतला. मी शेजारी टेप धरून उभी होते.

"बाबा, ती पांढरी आहे. आपली पिवळी."

ते थांबले. हातातलं टोक त्यांनी डोळ्यांजवळ नेलं. "डिकीत काळोख आहे," म्हणाले आणि टोक बदललं.

डिकीत काळोख नव्हता. बाराचं ऊन सरळ आत पडलं होतं.

संध्याकाळी दिवे नीट लागतात का ते बघायला आम्ही परत खाली आलो. मागचे लाल दिवे छान लागले. मग त्यांनी पुढचे लावले. मी कंपाउंडच्या भिंतीजवळ उभी होते. भिंतीचे पोपडे, खालची शेवाळाची रेघ, माझी सावली, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"हे मंदच आहेत," बाबा आतून म्हणाले. "हेही बघावे लागतील."

मी खिडकीपाशी गेले. "बाबा, डोळे कधी तपासलेत?"

त्यांनी दिवे बंद केले. "नोकरीत असताना. आता अंधार पडला की समोरच्या गाडीचा उजेड फुटून पसरतो."

"मग चालवता कसे?"

"रस्ता पाठ आहे."

मला राग आला होता. मुलीला मांडीवर घेऊन त्या गाडीत बसलेल्या सगळ्या संध्याकाळी एकदम आठवल्या. पण त्यांचे हात अजून स्टिअरिंगवर होते, बोटांना ग्रीस लागलेलं होतं, आणि मी एवढंच म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"रिक्षाने जाऊ," ते म्हणाले आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, एका डोळ्यात पिकलेला. ऑपरेशनं झाली, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे जाड भिंगांचा चष्मा आला. त्या चष्म्यातून समोरचं सगळं मोठं आणि जवळ दिसतं, म्हणायचे. गाडी पुन्हा चालवायचा विषय त्यांनी काढला नाही. त्या थंडीत मी ड्रायव्हिंग शिकले. सुरुवातीला ते शेजारी बसायचे आणि सिग्नल जवळ आला की त्यांचा उजवा पाय खालची चटई दाबायचा. काही दिवसांनी ते आपणहून मागच्या सीटवर, नातीशेजारी बसायला लागले.