ठिणगीमास्तरांची हाक

रंगमंचावर मी जितक्या वेळा राणी झाले, तितक्या वेळा माझं सिंहासन एकाच माणसानं जोडून दिलं. प्रेक्षकांना दिसायची ती वरची सोनेरी नक्षी. तिच्याखाली लोखंडाचा सांगाडा असे, आणि त्या सांगाड्याच्या भरवशावर मी मान ताठ ठेवून बसत असे. एकदा आमचा नायक, अंगानं चांगलाच भरलेला, संतापाच्या प्रवेशात राजवाड्याच्या जिन्यावरून असा दाणदाण उतरला की विंगेतल्या व्यवस्थापकानं डोळेच मिटून घेतले. जिना करणारा माणूस मात्र शेजारी चहा फुंकत उभा होता.

"नायक पडेल एखादवेळी," तो म्हणाला. "जिना नाही पडायचा."

त्याला आम्ही ठिणगी म्हणत असू. थिएटरच्या मागच्या अंगणात त्याचं वेल्डिंगचं काम चाले, आणि आम्ही नटमंडळी तिथंच संवाद घोकत फिरत असू. वेल्डिंगची ती निळी ज्योत उघड्या डोळ्यांनी पाहिली की पुढे दिवसभर डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. ते टाळायला रॉड लोखंडाला टेकवण्याआधी तो खणखणीत आवाजात ओरडायचा, "पडदा!" आम्ही सगळे झटकन पाठ फिरवायचो आणि तो मानेला एक हिसका द्यायचा. त्या हिसक्यासरशी डोक्यावरचा काळ्या काचेचा मुखवटा टक् करून चेहऱ्यावर पडायचा. त्या धंद्यातले लोक त्याला शिल्ड म्हणतात, मला तो आजही मुखवटाच वाटतो. आमच्याकडे पडदा वर गेला की खेळ सुरू व्हायचा, त्याच्याकडे खाली आला की.

कंपनी बंद पडली. मी घरी बसले आणि ठिणगी तंत्रशाळेत वेल्डिंग शिकवायला लागला, तेव्हा नावापुढे मास्तर चिकटलं आणि आमच्या बोलण्यातला 'अरे' जाऊन 'अहो' आलं. हाक मात्र तीच राहिली. त्यांच्या वर्गात "पडदा!" म्हटल्याशिवाय ठिणगी पडत नसे. मी कधी तिकडे गेले की पत्र्याच्या त्या लांबट शेडमध्ये आधी ती हाक ऐकू येई, मग सगळे मुखवटे एका दमात पडल्याचा टक् असा आवाज, आणि मग ज्योतीची तडतड. भिंतीला ओळीनं चिमटे, हातोड्या, घासायचे तारेचे ब्रश. प्रत्येक हत्याराच्या मागे भिंतीवर त्याच्याच आकाराची रेघ, म्हणजे कोणी हत्यार जागेवर ठेवलं नाही तर भिंत चुगली करणार.

मास्तरांना शिकवण्याची हौस दांडगी. हात धरून शिकवायचे. मुलगा रॉड धरून उभा राहिला की मास्तर त्याच्या मागे, त्याच्याच दिशेला तोंड करून. "समोर उभा राहिलो तर माझा उजवा तुझा डावा होतो," म्हणायचे. "मागे उभा राहिलो की आपले दोघांचे हात एकाच अंगाचे."

पण आयुष्यभर इतरांचे डोळे जपणाऱ्या या माणसाचे स्वतःचे डोळे गेले. अगदी अंधार नाही, पण मधोमध डाग आणि कडेनं धूसर. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे ज्योतीजवळ जायचं नाही. शाळेनं सांगितलं, सत्र संपेपर्यंत प्रमाणपत्र असलेला दुसरा शिक्षक मिळाला तर ठीक, नाहीतर वेल्डिंगचा वर्ग बंद करून शेडला कुलूप.

"दुसरा कशाला?" मास्तर म्हणाले. "दुसरी आहे घरात."

ती म्हणजे त्यांची सून. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. लग्नाआधी ती एका कारखान्यात सायकलींच्या चौकटी जोडायची, म्हणजे हात तयार होता. पण हात तयार असणं निराळं आणि शिकवता येणं निराळं, हे मला नटीला कोणी सांगायला नको. उत्तम गाणारे कितीतरी पाहिले, की ज्यांच्या शिष्याला सूर लावता येत नाही.

शिक्षकांसाठीची नवी परीक्षा त्याच वर्षी सुरू झाली होती, आणि तिच्याबरोबर एक यंत्रही शाळेत आलं होतं. मी मुद्दाम पाहायला गेले. खोटं वेल्डिंग! टेबलावर लोखंडाऐवजी प्लास्टिकची पट्टी, हातात वायरला जोडलेली कांडी आणि डोक्यावर मुखवटा. त्या मुखवट्याच्या आतच सगळं चित्र दिसायचं, ज्योत, वितळणारा धातू, धूर. बाहेर बघणाऱ्यांना काहीच नाही. शेजारच्या स्क्रीनवर हात किती थरथरला, कांडी किती कलली ते उमटायचं. मला वाटलं होतं मास्तर नाक मुरडतील. कसलं काय! लहान मुलासारखे हरखले होते.

"लोखंड वाया नाही, बोट भाजणं नाही," म्हणाले. "आणि बाई, स्क्रीनला नाक लावलं की कडेच्या नजरेनं मला प्रत्येकाचा हात दिसतो हो. ज्योतीपुढे आता कुठला दिसायला!"

सूनबाई त्या यंत्रावर बसली की आकडे असे चढायचे की मुलं टाळ्या वाजवत. अडचण एकच होती. तिचा आवाज. समोर चार माणसं आली की तो चिमणीसारखा व्हायचा, आणि परीक्षेत तर कोऱ्या विद्यार्थ्यांचा वर्ग समोर घेऊन खऱ्या लोखंडावर पाठ द्यायचा होता. मग मास्तरांना माझी आठवण झाली.

"बाई, तुम्ही शेवटच्या रांगेतल्या पेंगणाऱ्या माणसाला जागं करायचात. एवढं तिला शिकवा."

दुपारची कामं आटपली की मी त्यांच्या घरी जायची. स्वयंपाकघराला लागून एक खोली, तीच आमची तालीम. ओट्यावरची लोखंडी पळी म्हणजे रॉड, पोळपाट म्हणजे लोखंडाची पट्टी आणि मास्तरांचा जुना मुखवटा सूनबाईंच्या डोक्यावर. मी खिडकीपाशी बसून म्हणायची, "ऐकू नाही आलं." मास्तर खुर्चीत. मास्तरांची बायको दारातून टोमणे मारायला हजर.

"अहो, पळी द्या आधी. भाजी काय बोटानं ढवळू?"

"थांब गं, आत्ता कुठे जोड बसतोय."

"तुमचा जोड बसेल, माझी भाजी बसेल बुडाला."

सूनबाई हसायची, आणि हसल्यावर तिचा आवाज मोकळा व्हायचा. म्हणून मी मास्तरीणबाईंना दारातून हलू देत नसे. हळूहळू पाठ बसला. नमस्कार, ओळख, धातू घासून साफ करणं, रॉड कोणत्या कोनात धरायचा, का धरायचा. मग ती पळी उचलायची, पोळपाटाकडे न्यायची, मास्तर खुर्चीतून गर्जायचे "पडदा!", ती मानेला हिसका द्यायची, मुखवटा टक्, आणि पळी पोळपाटावरून सरकू लागायची. रोज हेच. मला ते फार आवडायचं. जुन्या अंगणात गेल्यासारखं वाटायचं.

परीक्षेच्या दिवशी मास्तर आणि मी शेडच्या दाराशी उभे होतो. आत जायची परवानगी नव्हती, पण दार उघडं होतं. विद्यार्थिनी म्हणून शिवणवर्गाच्या मुली आणल्या होत्या. त्यांनी आठवडाभर ते यंत्र पाहिलं होतं, खरी ज्योत कधीच नाही. प्रत्येकीच्या हातात एकेक काळ्या काचेची ढाल दिली होती, आणि मुलींनी त्या पंख्यासारख्या खाली धरल्या होत्या. परीक्षक बाई बाजूला, त्यांची ढाल चेहऱ्यापाशी.

काय बोलली ती पोर! शेवटच्या भिंतीवरून आवाज परत यावा असा. रॉडचा कोन सांगितला, का ते सांगितलं, एका मुलीच्या मागे उभं राहून, तिच्याच दिशेला तोंड करून, तिचा हात धरून दाखवला. मास्तरांनी माझा दंड दाबला. मग ती लोखंडापाशी आली. यंत्रावर बसण्याआधी ओढायची तसा तिनं मुखवटा दोन्ही हातांनी चेहऱ्यावर ओढून नीट बसवला, आणि रॉड खाली नेला.

मुली टक लावून बघत होत्या. ढाली खालीच.

मी आधी मास्तरांकडे पाहिलं. त्यांना मुली धूसर दिसत असणार, ढाली तर नाहीच. पण ना हाक आली होती, ना मुखवटा पडल्याचा टक्, हे त्यांच्या कानांनी टिपलं होतं.

"पडदा!"

थिएटर हादरावं तसा तो शब्द शेडभर घुमला. मुली दचकल्या, ढाली वर गेल्या, दोघींनी तोंडच ओंजळीत लपवलं. सूनबाईंचा हात तिथंच थांबला. ठिणगी पडलीच नाही.

परीक्षक बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्यासारखा पाठ मी या वर्षी पाहिला नाही. पण वर्गाचे डोळे झाकले का हे न बघता तुम्ही रॉड टेकवत होतात. मी पास करू शकत नाही. सत्र संपायच्या आत एक संधी आहे, शेवटची."

घरी मास्तरीणबाईंनी चहा दिला, तो तसाच निवला. मास्तर म्हणाले, "सूनबाई, इतकी साधी गोष्ट कशी विसरलीस गं?"

तिनं कप बाजूला सारला. मग हळूच म्हणाली, "विसरले नाही, बाबा. तो शब्द माझा आहे हेच मला माहीत नव्हतं. तो तुमचाच होता ना रोज?"

चेहऱ्यावर कोणी तापलेलं लोखंड धरावं तसे मास्तर मागे सरकले. दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत माझ्याकडे आले, पायरीवरच बसले आणि म्हणाले, "बाई, प्रॉम्प्टरनं नाटक पाडलं."

मला लगेच समजलं. आमच्यात असे प्रॉम्प्टर होते. फार मायाळू. नट अडखळायच्या आधीच विंगेतून वाक्य पुरवायचे, आणि मग त्या नटाला ते वाक्य जन्मात पाठ होत नसे.

"मी सगळ्यांना शिकवलं की पडदा म्हटल्यावर काय करायचं," मास्तर म्हणाले. "पडदा म्हणायचं कसं, ते एकालाही नाही शिकवलं. माझी इतकी मुलं कामाला लागली. त्यांच्या शेजारी उभ्या असणाऱ्यांसाठी कोण ओरडत असेल?"

यंत्राला ते एका शब्दानं बोलले नाहीत. मी म्हटलं, त्या खोट्या मुखवट्याचीही सवय लागते ना, तो आधीपासूनच चेहऱ्यावर असतो. ते म्हणाले, "यंत्राला कुठे माहीत शेजारी कोणी उभं आहे म्हणून! मला माहीत होतं."

तालीम पुन्हा सुरू झाली, पण सूनबाईंनी एक अट घातली.

"बाबा, तुम्ही खोलीत बसायचं नाही."

"बाहेर बसतो. बोलणार नाही."

"तोंडात रुमाल कोंबून द्या त्यांच्या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझ्या बडबडीला आयुष्यभर नावं ठेवली, आता भोगा."

ते जिन्यावर बसायचे. पळी पोळपाटाकडे जायची वेळ आली की मला दारातून त्यांचे ओठ हललेले दिसत, आणि ते हातानं तोंड दाबून धरत. आत ती आपला शब्द शोधत होती. पहिल्या दिवशी उशिरा म्हणाली, दुसऱ्या दिवशी पुटपुटली. मग एके दिवशी थांबली आणि मला म्हणाली, "मावशी, हा शब्द माझ्या तोंडी उसना वाटतो. मी जरा वेगळं करून बघू?" काय ते मलाही सांगितलं नाही.

शेवटच्या संधीच्या दिवशी मास्तर दाराशी उभे राहिले नाहीत. शेडबाहेर एक बाक होता, भिंतीला टेकलेला, त्यावर पाठ करून बसले. मी शेजारी. विद्यार्थिनी याही वेळी शिवणवर्गातल्याच, पण नव्या. आतला पाठ त्यांना पाठ होता. त्यांची बोटं गुडघ्यावर त्याच्याबरोबर चालत होती, घासणं, साफ करणं, कोन. मग आवाज थांबला.

आता. आता तो शब्द यायला हवा.

आला नाही. आत नुसती शांतता. मास्तरांच्या छातीचा भाता फुलला. आवाज गळ्यापर्यंत आलेला मला दिसत होता. असा श्वास मी रंगमंचावर हजारदा घेतला आहे. त्यांचा दुसरा हात माझ्या हातात होता, तो मी धरून ठेवला नाही. ओरडायचं की नाही, ते त्यांनीच ठरवायचं होतं. ते अर्धवट उठले. थांबले. ओठ घट्ट मिटून तसेच वाकलेले उभे राहिले.

आतून सूनबाईंचा आवाज आला, शांत. "मी तयार आहे. पण तुम्ही सांगितल्याशिवाय मी सुरू करणार नाही. प्रत्येकीनं शेजारणीकडे बघा. तिचे डोळे झाकले का? सगळ्यांचे झाकले, की आपला ठरलेला शब्द मला सांगा."

चुळबुळ झाली. कोणीतरी कोणाला तरी "अगं, वर धर ना, वेडे!" म्हटलं. एक हसणं, ते लगेच विझलं. आणि मग साऱ्या मुलींचे कोवळे, बेसूर आवाज एकदम उठले.

"पडदा!"

टक्. एकच मुखवटा पडला, सूनबाईंचा. मग ज्योतीची तडतड, लांब, अखंड, कुठेही न अडखळणारी.

मास्तर बाकावर खाली बसले. डोळे मिटलेले होते. तडतड चालू होती, आणि तिच्याकडे पाठ करून बसलेल्या त्या म्हाताऱ्यानं, डोक्यावर काहीही नसताना, मानेला तोच जुना हिसका दिला.