गोविंदरावांसाठी कॅरिअर

चाळीस वर्षे भजनी मंडळ चालवले की अभंगांच्या ओळी विसरायला होतात आणि किस्से मात्र साठत जातात. समईच्या बुडाशी तेल साठते ना, तसे. कोणी मुद्दाम ओतलेले नसते, पण पुसायला गेले की बोटे बरबटतात. आमच्या कोथरूडच्या मंडळाचे हे किस्से ऐकून लोक हसतात. हसोत! मला मात्र सांगताना असा संताप येतो की हातातली माळ थांबते.

*

आमचे पखवाजवादक गोविंदराव. वय एक्याऐंशी. खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या काठी त्यांचे गाव. तिथल्या विठ्ठलमंदिरात कार्तिकातल्या एकादशीला आमचे भजन असते, आणि त्या दिवशी पखवाज गोविंदरावांच्या घराण्याचा, हा पिढ्यांचा रिवाज. पूर्वी आम्ही एसटीने जायचो. पुढे त्यांच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवेना. एका वर्षी ते आलेच नाहीत. नुसत्या टाळांवर भजन झाले. पुजाऱ्याने हातावर प्रसाद ठेवताना एवढेच विचारले,

"आज देवाला एकाच कानाने ऐकायला लावलंत का?"

मी गाभाऱ्यासमोर उभा राहून शब्द दिला, पुढच्या वर्षी गोविंदराव येतील.

त्याच सुमारास माझ्या मुलाने, सुहासने, सात जणांची एसयूव्ही घेतली. तो हिंजवडीला आयटीत. मंडळात आम्ही सहा आणि चालवायला सुहास, म्हणजे बरोबर सात. पण मागची सीट उघडली की पेटी, पखवाज, टाळ, सतरंज्या यांना जागा उरेना. आणि सामानासाठी ती सीट मिटली की दोन माणसे घरी!

"बाबा, सोपं आहे," सुहास म्हणाला. "टपावर कॅरिअर बसवू. आठ दिवसांचं काम. फक्त थोडा रिसर्च करतो."

तो फाल्गुन महिना होता.

*

चैत्र उजाडला. माझ्या घरच्या गुरुवारच्या भजनाची आरती झाली आणि सुहासने लॅपटॉप उघडून ठेवला, तो नेमका देवाच्या पाटावर!

"अरे, पाट आहे तो!" मी ओरडलो.

"हो बाबा, पण प्लग इथेच आहे."

पडद्यावर एकवीस कॅरिअरांचा तक्ता होता. स्टील की ॲल्युमिनियम, वाऱ्याचा आवाज किती, मायलेज किती घटते, इंटरनेटवर लोक काय म्हणतात. आमचे टाळकरी जोगळेकर, म्हणजे निवृत्त इंजिनिअर, चष्मा सावरून पुढे सरसावले. ज्ञानाच्या ग्रंथापुढे कधी इतके वाकलेले मी त्यांना पाहिलेले नाही.

"हा बघा, हा उत्तम! जर्मनीतला एक जण लिहितो की बर्फातसुद्धा गंजत नाही."

"जोगळेकर, खडकवासल्याला बर्फ कधी पडला होता?"

"तसं नाही अप्पा," ते गंभीरपणे म्हणाले, "हवामान बदलतंय."

कोपऱ्यात गोविंदराव पखवाजावर खोळ चढवत होते. त्यांनी हळूच विचारले, "माझं यायचं ठरलं का?"

"ठरतंय, गोविंदराव! आधी हा ठरू दे."

*

वैशाखात आम्ही नाना पेठेत अन्वरभाईंच्या दुकानी गेलो. गाड्यांचे सामान विकण्यात त्यांची हयात गेली. जोगळेकरांनी बरोबर कागद आणला होता. टपाची लांबी, रुंदी, दोन्ही बाजूंची गोलाई, सगळे मिलिमीटरमध्ये! अन्वरभाईंनी तो कागद आदराने वाचला, घडी करून परत दिला आणि विचारले,

"साहेब, गाडी छान मोजलीत. सामान किती वजनाचं आहे?"

जोगळेकरांनी कागद पुन्हा उलगडून पाहिला. वजन कुठेच नव्हते.

"बरं," अन्वरभाई म्हणाले, "चहा घ्या."

*

मग वजन करणे आले. जोगळेकर पेटी उचलून थेट किराणा दुकानात घेऊन गेले आणि गव्हाची पोती ठेवतात त्या काट्यावर त्यांनी ती ठेवली. पेटी वाजवणाऱ्या मालतीबाई मागून धावत आल्या. या बाई पेटीला हात लावण्याआधी पदर खोचून हात धुतात.

"अहो, लाज वाटते का? देवाची पेटी आणि कांदेबटाटे एकाच काट्यावर!"

दुकानदार अस्सल पुणेरी. हिशेबातून मान वर न करता म्हणाला, "ताई, कांद्यांनी अजून तक्रार केलेली नाही."

मालतीबाई दोन गुरुवार आल्या नाहीत. माझे गुरुवार! चाळीस वर्षांत पावसाने, आजाराने, संपाने जे मोडले नव्हते, ते एका न आलेल्या कॅरिअरने मोडले.

*

आता माझा अपराध सांगतो. ज्येष्ठात सुहासने टपावर बसवायची बंद पेटी पसंत केली. काळी, लांबट, झाकणाची, कुलपाची. तिचे चित्र पाहताच मी हातातली माळ खाली ठेवली.

"ही शवपेटी वाटते मला. माझे टाळ यात निजणार नाहीत!"

"बाबा, एरोडायनॅमिक आहे ती."

"असेल. माणूस त्यातून जाताना त्यालाही वारा लागत नाही!"

सुहासने लॅपटॉप मिटला. एकवीस रांगांचा तक्ता पुन्हा पहिल्या रांगेपासून सुरू झाला. आषाढ आणि श्रावण, हे दोन महिने माझ्या जिभेच्या खाती. कबूल.

*

भाद्रपदात उघडा, ॲल्युमिनियमचा कॅरिअर एकदाचा बसला. नारळ वाढवला, हार घातला. हारासकट गाडी सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरली आणि तुळईला असा आवाज करून घासली की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. ज्यांनी मिलिमीटर मोजले होते, त्यांनी दाराची उंची पाहिलीच नव्हती! दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींची पाटी लागली:

"वाहनधारकांनी आपापली उंची ओळखून वागावे."

कॅरिअर काढून, नीट करून पुन्हा बसवायला आश्विन उजाडला. त्या काळात एका गुरुवारी जोगळेकर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अप्पा, एक सुचवू? यंदा गोविंदरावांना विश्रांती देऊ. मागची एक सीट मिटली की सामान मावतं. मग कॅरिअरचा व्यापच नको."

माझा आवाज चढला, त्याची मला आजही खंत नाही. "जोगळेकर! ज्या माणसासाठी हे सगळं मांडलं, त्यालाच वजा करून तुम्ही गणित सोडवता? आयुष्यभर टाळ कुटलेत, त्याचा नाद कानाच्या आत कधी गेला का?"

 गोविंदराव भिंतीला टेकून बसले होते. त्यांना कमी ऐकू येते असे आम्ही सगळे धरून चाललो होतो.

*

एकादशीची सकाळ. गाडी फाटकाबाहेर उभी. गोविंदरावांना आमच्याच इमारतीचे दोन मजले उतरायला वेळ लागतो, म्हणून सुहास त्यांचा पखवाज आधीच खाली घेऊन आला होता. जोगळेकर शिडीवर चढले. सतरंज्या, टाळांची पिशवी, पेटी आणि सगळ्यांत वर पखवाज, असे त्यांनी दोरीने आवळून बांधले. मग शिडीवरूनच हात झटकत म्हणाले, "आता भूकंप झाला तरी हलायचा नाही!"

गोविंदराव काठी टेकत आले. नवे धोतर, कपाळी बुक्का. त्यांनी टपाकडे पाहिले.

"तो खाली घ्या."

"अहो, मस्त बांधलाय!" जोगळेकर म्हणाले.

"कातडं आहे ते. दवात ढिलं पडतं, उन्हात ताणतं. चामड्यावरच्या काळ्या शाईला तडा गेला की संपलं."

सुहासचा चेहरा उतरला. "काका, मग हे आधी बोलला का नाहीत?"

"विचारलंत कोणी?"

एकवीस कॅरिअर, जर्मनीचा बर्फ, गव्हाचा काटा, सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. गोविंदराव दर गुरुवारी माझ्यापासून चार हातांवर बसत होते. आणि मीही विचारले नव्हते.

पखवाज खाली आला. गोविंदरावांनी धोतराच्या सोग्याने दोन्ही बाजूंच्या पुड्या पुसल्या. मधल्या सीटवर खिडकीशी त्यांची जागा ठेवली होती. त्या जागेवर त्यांनी पखवाज बसवला आणि त्याला पट्टा लावला.

"अहो गोविंदराव, मी घेते ना मांडीवर," मालतीबाई म्हणाल्या. "तुम्ही बसा."

"राहू द्या. त्याची सोय झाली. मला यंदा विश्रांती."

"पण मग वाजवणार कोण?" जोगळेकरांनी विचारले.

"कॅरिअर ठरवलात ना, तसंच तेही ठरवा," गोविंदराव म्हणाले. "गाव यायला अजून दीड तास आहे."

आणि त्यांनी गाडीचे दार लावले. बाहेरून.