रानडुकराच्या नाकाने पाहिलेली केळीची बाग

तुम्ही कधी स्वतःच्याच शेताच्या बांधावर चारी पायांवर चालला आहात का? नसाल, तर रानडुकराला मरणाची शिक्षा सुनावण्याचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हा प्रश्न मी एका गुलाबी पत्रकात छापला होता. जळगावला कॉलेजात होते, मेहरूणला खोली घेऊन राहत होते. पत्रकं वाचतच वाढले, त्यामुळे छापलेल्या प्रत्येक वाक्यावर माझा विश्वास होता. स्वतःच्या वाक्यांवर जरा जास्तच. सुट्टीत चोपड्याजवळ चुलत्यांच्या, म्हणजे नानांच्या, मळ्यात गेले आणि एक पत्रक त्यांच्या हातात दिलं. नानांनी ते वाचलं, नीट घडी घातली आणि ओट्यावरच्या तारेच्या भेंडोळ्याकडे बोट दाखवलं. डुकरं केळीचे कंद उकरून बाग आडवी करत होती. संध्याकाळी तार बांधाभोवती ओढायची आणि तिच्यात पाण्याच्या मोटारीची वीज सोडायची, असं ठरलं होतं.

"नाना, डुकरं मरतील! एखादा माणूसही मरेल."

"मंग तूच डुक्कर व्हय ना माय! कथाईन येतस त्या, दखाड. दखाडं तर तार लावाव नही."

म्हणजे डुकरं कुठून शिरतात ते दिवस मावळायच्या आत शोधायचं. नाही सापडलं तर वीज.

काकूंना सगळे अक्का म्हणत. त्यांनी माझी ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि मी हातापायांवर केळीत शिरले. आता आपल्याला जंगलाचा आत्मा भेटणार, असं मला वाटत होतं. भेटला केळीचा चीक. तो कपड्यावरून जन्मात जात नाही. वाळक्या पानांचा आवाज एवढा, की आपल्यामागे कुणी येतंय असंच वाटावं. डोळ्यांना बुंध्यांपलीकडे काही दिसेना. नाकाला मात्र ओल्या मातीचा, शेणखताचा, कुजक्या घडाचा वास वेगवेगळा कळू लागला. मध्येच अक्कांच्या चुलीवरच्या भरताचा वास आला आणि माझ्यातलं डुक्कर घराकडे वळू लागलं. मी त्याला तत्त्वाने आवरलं.

बांधावर चढले आणि शिंका सुरू झाल्या, थांबेचनात. आमच्याकडे बांधावर सलूनमधले केस टाकतात. डुक्कर जमीन हुंगत येतं, केस नाकात गेले की माघारी फिरतं. नानांनीही पोतंभर केस आणून टाकले होते. माझ्या शिंका ऐकून अक्का दारातून ओरडल्या, "आवं, तुमनं औषध डुकरले लागू पडनं!"

नाना हसत हसत खोकू लागले. मी शिंकत होते आणि विचार करत होते. औषध लागू पडतं, तर डुकरं येतात कशी?

बांध उतरून पुन्हा नाक खाली घातलं तेव्हा दिसलं. उभ्याने पाहिलं तर बोरीच्या काट्यांचं कुंपण सलग होतं. खालून पाहिलं तर एका कोपऱ्यात बांध पोखरून सारवल्यासारखी गुळगुळीत वाट झालेली, काट्याला डुकराचे राठ केस अडकलेले. नाना टापटिपीचे. त्यांनी सलूनचे केस बांधाच्या माथ्यावर सरळ रेषेत अंथरले होते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. डुक्कर माथ्यावरून येतंय कशाला?

"नाना, वाकून बघा!"

"लोके काय म्हनतीन?"

"तुमच्या पुतणीला म्हणून झालंय सगळं."

धोतर सावरत नाना गुडघ्यांवर आले. मग माथ्यावरचे केस ओंजळीने गोळा करून त्या भगदाडाच्या तोंडाशी दाबू लागले. त्या संध्याकाळी तार लागली नाही. पुढे डुकरांनी दुसरीकडे वाट पाडली. तीही नानांनीच रांगत शोधली, गड्यांदेखत. तारेवर अक्का लुगडी वाळत घालू लागल्या.

तुमच्या बांधावर तशी तार असेल, तर आज तिची वीज तोडा. आणि उद्या सकाळी, कुणी हसलं तरी चालेल, नाक जमिनीला लावून कुंपणाला एक फेरी मारून या.