मेलानी म्हणजे काळी

फ्रेंचच्या वर्गात मॅडमनी आम्हाला जुनी फ्रेंच नावं वाटली. चिठ्ठी उचलायची आणि नावाचा अर्थ शोधून सांगायचा. शेजारच्या मृदुलाला ब्लांश मिळालं, म्हणजे गोरी. माझ्या चिठ्ठीवर मेलानी होतं. अर्थ सापडताच मृदुलाने पुस्तकातली ती ओळ हाताने झाकली, पण मी वाचली होती. मेलानी म्हणजे काळी.

"हवं तर दुसरी चिठ्ठी घे," मॅडम हळूच म्हणाल्या.

"नको मॅडम, हेच राहू दे."

खरंच बदलावंसं वाटेना. कधीकाळी कुण्या आईने काळ्या लेकीला मांडीवर घेऊन याच नावाने लाडाने हाक मारली असेल. पुढे किती आयांनी ते नाव हौसेने ठेवलं! आमच्या घरी मात्र 'काळी' हा शब्द कुणी उच्चारत नसे. आत्या माझ्या तोंडाला साय-हळद चोळायची तेव्हाही "तजेला येतो गं" एवढंच म्हणायची. जणू तो रंग नव्हताच, दुखणं होतं.

घरी आले तर बाबा स्थळांसाठी माझी माहिती टाईप करत होते. वर्ण: गव्हाळ.

"बाबा, तिथे काळी लिहा."

"अगं, असं कुणी लिहितं का? फार तर सावळी करू."

"काळीच लिहा. नाहीतर कुठेच पाठवू नका."

बाबांनी गव्हाळ पुसलं आणि काळी टाईप केलं.

त्या महिन्यात एकही फोन आला नाही. "अजून वेळ गेलेली नाही, बदल," आत्या म्हणाली. मी तीच माहिती आणखी वीस ठिकाणी पाठवली.